स्कायवॉकवरचा ‘म’

मामाला मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही. अक्षरावरून ओळखलं.

२०१६चा पावसाळा. शहाडहून लोकल पकडून मी कल्याणला कॉलेजला जायचो, एकच स्टेशन. त्या दिवशी स्कायवॉकच्या कडेला दाढी वाढलेला एक माणूस उकिडवा बसून खडूने फरशीवर लिहीत होता. लोक वळसा घालून जात होते. मीही घातला. मग नजर खाली गेली. ‘मनपसंत’. त्यातल्या ‘म’ची गाठ जरा पोटात ओढलेली, दांडा खाली येता येता बारीक होत गेलेला. असा ‘म’ मी एकाच माणसाच्या हातून उतरताना पाहिला होता.

सोबत तीन मित्र होते. मी थांबलो नाही.

आजोबा सेंच्युरी रेयॉनमध्ये होते. मामानेही तिथेच चिकटावं असं घरात सगळ्यांना वाटायचं, पण तो पेंटर झाला. पेंटर म्हणजे पाट्यांचा. उल्हासनगरच्या कॅम्पांमधली कपड्यांची, मिठाईची, भांड्यांची दुकानं त्याची गिऱ्हाइकं. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा तो मला दोऱ्याचं एक टोक धरायला द्यायचा. दोऱ्याला खडूची पूड चोळलेली असायची. तो ताणून टच्‌कन सोडला की पाटीवर सरळ पांढरी रेघ. मग त्या रेघेला अक्षरं टांगायची. टर्पेंटाइनचा वास, मांडीवर पुसलेला इनॅमल, आणि दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेवर त्याची बडबड. सिंधी शेठ घाई करायचे, तर हा म्हणायचा, “सेठ, अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते.” पाटीच्या कोपऱ्यात नखाएवढी सही.

मग फ्लेक्स आला. तीन दिवसांची पाटी तासाभरात छापून मिळायला लागली, शेठच्या मुलाच्या फोटोसकट. फ्लेक्सने मामाला वेडं केलं, असं मी बरीच वर्षं सांगायचो. ऐकायला बरं वाटतं. पण दारू त्याआधीपासून होती, आणि दारूच्याही आधी काहीतरी होतं. पाट्या रात्री आपल्याबद्दल बोलतात, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी सहावीत होतो आणि काम जोरात चालू होतं. मला ती गोष्ट वाटली. मी हसलो होतो.

घरच्यांनी सगळं दारूच्या खात्यावर टाकलं. आजीने बाहेरचं आहे म्हणून दोन ठिकाणी नेलं. एकदा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रातही ठेवलं. व्यसन हा आजार आहे, वाईट चाल नव्हे, एवढं तरी आपल्याकडे आता बोललं जातं. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, त्याचा यात मोठा वाटा आहे. पण मामाला दोन आजार होते आणि दोघे एकमेकांच्या आड लपायचे. आवाज ऐकू आले की तो प्यायचा, आणि प्यायला की आवाजांचा दोष दारूवर जायचा. दारू सुटली त्या महिन्यात आवाज मोठे झाले. हे आम्हाला कुणी नीट समजावलं नाही. आम्हीही विचारलं नाही, तो पितोय का एवढंच बघत राहिलो. २०१५च्या दिवाळीनंतर तो घरातून गेला. पोलिसांत तक्रार, व्हॉट्सॲपवर फोटो. फोटो जुना, लग्नातला, दाढी केलेला.

स्कायवॉकचं मी आईला तिसऱ्या रात्री सांगितलं. ती आणि बाबा लगेच निघाले. तिथे कुणी नव्हतं आणि पावसाने फरशी धुऊन निघाली होती. परत आल्यावर आई मला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “जेवल्यासारखा दिसत होता का रे?”

२०१८मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे मिळाला तेव्हा मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, उपचार करून घरी पोचवणारी त्यांची श्रद्धा संस्था कर्जतला आहे. म्हणजे कल्याणला गाडी बदलायची, अंबरनाथ, बदलापूर मागे टाकायचं, की पुढे कर्जत. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवलेला एक कलावंत होता, रस्त्यावर आलेला. तो बरा झाला. मग शंभरावर चित्रकारांनी आपली चित्रं दिली, प्रदर्शन भरलं आणि त्या पैशांनी दहिसरच्या केंद्राला हातभार लागला. शेजाऱ्यांनी त्या केंद्राला विरोध केला, प्रकरण हायकोर्टात गेलं, तरी ते उभं राहिलं.

हे वाचताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला हेवा. त्या माणसामागे शंभर चित्रकार उभे राहिले. पाट्या रंगवणाऱ्याच्या मागे कोण उभं राहणार? मग आठवलं की एक जण होता, त्याने अक्षर ओळखलंही होतं, आणि त्याचं पहिलं लेक्चर साडेसातचं होतं.

त्याच वर्षी लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा भटकणाऱ्या माणसाची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्याला संरक्षण द्यायचं, चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, घरच्यांना शोधायचं. म्हणजे आज मी नुसतं चौकीत जाऊन सांगितलं तरी काहीतरी हलू शकतं. हे कॉलेजमध्ये कुणी शिकवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

२०१९च्या मार्चमध्ये फोन आला. दूरच्या एका जिल्ह्यातली छोटी संस्था. मामा चार महिने गोळ्यांवर होता आणि एके दिवशी दोन शब्द बोलला होता: शहाड, बिर्ला मंदिर. बाकीचं त्यांनी शोधलं.

आता तो आमच्याकडेच असतो. गोळ्या आई स्वतः मोजून देते. दारू दोनदा परत आली, दोनदा गेली. गोळ्यांनी हात थरथरतो, मोठी पाटी जमत नाही. कोपऱ्यावरचा दूधवाला त्याच्याकडून भावाची पाटी लिहून घेतो. महिन्यातून एकदा, भाव बदलला तर दोनदा. सही मामा करत नाही.

गेल्या महिन्यात तो ती पाटी रंगवत होता. दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात होतं. मी म्हणालो, “मामा, तू कल्याणच्या स्कायवॉकवर बसायचास ना, तेव्हा मी तिथून गेलो होतो.”

तो ब्रश पुसत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तिथे शिरोरेघ सरळ यायचीच नाही. फरशीला उतार होता.”

मग म्हणाला, “नीट धर.”