कौलावरचं साल

श्रीवर्धनला आमच्या वाडीतल्या घरी शहरातला पाहुणा आला, की ओटीवर पाठ टेकताच वर बघतो आणि कौलावर उठलेली इंग्रजी अक्षरं वाचून खूश होतो. बासेल मिशन, १८६५. ‘‘बाप रे, दीडशे वर्षांचं घर!’’ काका पूर्वी त्याला समजावून सांगत, की ते साल घराचं नाही, कारखान्याचं. मिशनऱ्यांनी मंगळूरला नेत्रावतीच्या काठी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढं निघालेल्या कौलांवरही तेच साल उठत राहिलं. नंतर काकांनी समजावणं सोडलं. पाहुण्याचा आनंद कशाला घालवा?

घराचं खरं वय आम्हालाही ठाऊक नव्हतं. सातबाऱ्यावर नारळ-पोफळी आहेत, घरपट्टीच्या पावत्या आजोबांच्या नावापासून सुरू होतात. त्याआधी श्रीवर्धन जंजिऱ्याच्या संस्थानात होतं. ते १९४८ साली विलीन झालं. नवाबाच्या काळातला एक कागद आमच्या पेटीत नाही. घराचा इतिहास वाचायला मिळाला तो निसर्ग वादळानं छप्पर उघडं केल्यावर.

३ जून २०२०. सकाळपासून पाऊस होता, दुपारी वारा आला. आम्ही सहा माणसं माजघरात जाऊन बसलो. कोणी ठरवलं नव्हतं, पण पाय तिकडेच वळले. ओटीला आणि पडवीला वारा सरळ लागतो, स्वयंपाकघराला दोन दारं आहेत. माजघराला बाहेरची भिंतच नाही, चारी बाजूंना घरच आहे. लहानपणी आम्ही त्या अंधाराला नावं ठेवायचो.

मंगलोरी कौलं एकमेकांत अडकतात, पण रिपांना ठोकलेली नसतात. आपल्या वजनावर बसतात. वारा खालून शिरला की आधी एक ओळ जराशी उचलली जायची, खडखडायची, आणि मग सगळी ओळ जायची. काकू प्रत्येक वेळी सांगायची, ‘‘ही पडवीची गेली. ही न्हाणीकडची.’’ वारा पडला तेव्हा माजघरावर छप्पर शिल्लक होतं, बाकी सगळं उघडं. वाडीत पोफळी एकीवर एक आडव्या पडलेल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात. काका तिकडे बघत उभे होते, घराकडे त्यांची पाठ होती.

लॉकडाऊनमुळे माणसं मिळत नव्हती. ताडपत्रीखाली बरेच दिवस काढल्यावर गावातलाच एक म्हातारा सुतार आला. सत्तरी ओलांडलेला, पण शिडीवर माझ्यापेक्षा सराईत. काम सुरू करण्याआधी अर्धा दिवस त्यानं नुसतं घर पाहिलं. माजघराच्या चारही खांबांना माझ्या डोक्याच्या जरा वर खाचा आहेत. त्यांत आज काहीच बसत नाही. आम्ही त्यांत कंदील अडकवायचो. सुतार म्हणाला, ‘‘भाऊ, तुळया आधी हितं होत्या. हे घर पहिलं गवताचं. बुटकं आणि उताराचं. मागनं उचललंय.’’

मग एकेक गोष्ट दिसू लागली. गवताच्या छपराला उतार जास्त लागतो, पाणी झरझर उतरलं नाही तर गवत कुजतं. कौल आलं की वजन वाढतं, वासे जाड लागतात. म्हणून खांबांना वरून जोड देऊन छप्पर उंच केलेलं. पण मधे आणखी एक पायरी होती. मागच्या पडवीच्या जोत्याचे दोन चिरे निखळले होते, त्यामागच्या भरावात कुंभारी नळ्यांचे तुकडेच तुकडे. म्हणजे गवतानंतर नळे आले. वानरांनी उड्या मारून फोडायचे, दर वैशाखात परतायचे, असे दिवस गेल्यावर मंगलोरी.

तीही एकदम नाही. ओटीवरची कौलं बासेल मिशनची, पण मागच्या पडवीची शाबूत राहिलेली सगळी कॉमनवेल्थची निघाली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनचे धंदे ताब्यात घेतले आणि पुढं ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मिशनमध्ये जर्मन माणसं होती, एवढं कारण पुरलं. कुठं युरोपातली लढाई, आणि तिची खूण आमच्या बाळंतिणीच्या खोलीवर! ती खोली पणजीच्या शेवटच्या बाळंतपणासाठी बांधली असं आजी सांगायची. म्हणजे ओटीला आणि त्या खोलीला एकच मालक असला, तरी मधे एक महायुद्ध होऊन गेलेलं.

स्वयंपाकघराचे वासे मात्र मला वाईट वाटायला लावून गेले. चुलीच्या धुरानं ते डांबरासारखे काळे झाले होते. त्या धुरामुळेच लाकडाला कीड लागत नसे. गॅस आला, धूर गेला, आणि बाहेरून काळेकुळकुळीत दिसणारे वासे आतून भुंग्यानं पोखरले. सुतारानं वाकसाचा दांडा मारला की भुसा गळायचा. भिंती ओल्या झाल्या पण उभ्या राहिल्या. त्यांच्यावर छपराचा भार नव्हताच, तो खांबांवर होता. मागच्या दारावरची फळी तर बोटीची असावी, ओळीनं भोकं असलेली आणि तेल मुरलेली. घरात तांडेल कोणी नव्हता. कुठल्या गलबताची ती, आता कोण सांगणार?

याच दिवसांत जुन्या लाकडाचा व्यापारी आला. अलिबागकडे मुंबईकर फार्महाऊस बांधतात, तिथं जुने खांब, दारं, कडीपाट चांगल्या भावानं जातात. त्यानं माजघराच्या चार खांबांची जी किंमत सांगितली, तिच्यात सगळ्या घराचे पत्रे आले असते. भावकीतल्या दोघांना ते पटलं. खाचा पडलेले, जोड दिलेले खांब ठेवून करायचं काय? काकाही गप्प होते, वाडी गेलेल्या माणसाला रोकड दिसत होती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, ‘‘खांब विकून पत्रे आणायचे, आणि पत्रे कशावर ठेवायचे?’’

व्यापाऱ्यानं लोखंडी पाइपांचं सुचवून पाहिलं. काकूनं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

पैसा मात्र कमीच होता, म्हणून घर आता अर्धंअर्धं आहे. शाबूत कौलं मोजली, अकराशे चाळीस भरली. ती माजघर आणि ओटीवर चढवली, या खेपेला दर तिसरी ओळ तारेनं रिपेला बांधून. मागची पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यावर निळे पत्रे आहेत. ते दुपारी तापतात आणि पावसात एवढा आवाज करतात, की जेवताना मीठ मागायचं तर हातवारे करावे लागतात. चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. कॉमनवेल्थची कौलं ओटीवरच्या खिंडारात गेली, त्यामुळं १८६५ वाचणाऱ्या पाहुण्याला आता दोन कारखाने एका ओळीत दिसतात.

फुटक्या कौलांचा ढीग विहिरीपाशी पडून होता. टेम्पोवाला न्यायचे पैसे मागत होता. सुतार म्हणाला, ‘‘कशाला नेताय? जोत्याला भराव हवाच की.’’ मग निखळलेले दोन चिरे बसवायच्या आधी ती फोडून आत घातली, नळ्यांच्या तुकड्यांवरच.