दोनच भारे राहिलेत!

दिवाळीच्या सुमारास कर्जत-खालापूरकडे भातकापणी उरकते आणि खळ्यावर मळणी यंत्र घरघरू लागते. विस्तार अधिकारी या नात्याने माझे तेथे जाणे होतेच. कर्जतच्या संशोधन केंद्राच्या ठेंगण्या जातींनी उत्पन्न वाढले, पण पेंढी आखूड झाली. साहजिकच ती आत सरकवणारा हात फिरत्या ड्रमाच्या अधिक जवळ जातो.

एकदा तिन्हीसांजेला एक वहिनी पदर मोकळा सोडून पेंढ्या देत होत्या. "वहिनी, आता थांबा," मी म्हटले.

"साहेब, दोनच भारे राहिलेत."

शीण, अंधार आणि घाई. हात जातात ते याच दोन भाऱ्यांपायी. मी म्हणालो, "भात उद्याही झोडता येईल. गेलेला हात येत नाही." दादांनी मुकाट्याने मोटार बंद केली.

अशा अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी सरकवायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी. बंधू-भगिनींनो, यंत्र भाड्याने आणतानाही ती मोजून घ्या. पट्ट्यावर जाळी आहे ना, तेही पाहा. पदर खोचा, बांगड्या उतरवा. पेंढा अडकला, तर आधी यंत्र पूर्ण थांबू द्या, मगच हात लावा.