तिरुपूर : धाग्यांच्या नगरीत मर्यादेचा धडा

मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी कोइमतूर एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, बंगळुरू, सेलम आणि ईरोड मागे टाकून तिरुपूरला पोहोचते. कोइमतूर तेथून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. या स्थानकावर उतरणाऱ्यांत यात्रेकरू थोडे, व्यापारी अधिक. त्यांच्यात कधी पिढीजात कापड दुकानाच्या घरातील विशी-बाविशीचा मुलगा किंवा मुलगीही असते. वडिलांच्या पेढीवर साड्या आणि ड्रेस मटेरियल. मुलांच्या मनात मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या नावाचा टी-शर्टांचा ब्रँड. अशा घरांना तिरुपूर बरेच काही शिकवते.

१९२५ च्या सुमारास येथे बनियन विणण्याचा पहिला कारखाना निघाला. पुढील अर्धशतक हे गाव पांढऱ्या बनियनांसाठीच ओळखले जात होते. १९७८ च्या सुमारास मुंबईच्या निर्यातदारांमार्फत एक इटालियन खरेदीदार येथवर आला आणि साध्या पांढऱ्या टी-शर्टांची परदेशवारी सुरू झाली. आज भारताच्या विणलेल्या तयार कपड्यांच्या निर्यातीतील निम्म्याहून अधिक वाटा या नगरीचा आहे. स्वातंत्र्यलढ्यातही तिचे नाव आहे. १९३२ च्या जानेवारीत पोलिसांचा मार खाताना हातातील झेंडा न सोडणारे हुतात्मा तिरुपूर कुमरन येथलेच. त्यांचे स्मारक शहरात आहे.

तिरुपूरची खरी ताकद कामाच्या वाटणीत आहे. सूत एकाकडून येते, गोल यंत्रावर कापड दुसरा विणतो, रंगाई तिसरीकडे, कापड आटू नये म्हणून त्याचे कॉम्पॅक्टिंग चौथीकडे. कटाई, शिलाई, छपाई आणि भरतकाम पुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी. त्यामुळे स्वतःचे एकही यंत्र नसलेला माणूस येथे माल तयार करून घेऊ शकतो. विद्यार्थी ग्राहकासाठी प्रति चौरस मीटर १८० ग्रॅमचे सुती कापड नेहमीच्या टी-शर्टास चालते. सध्या आवडीच्या ढगळ टी-शर्टास २२० ते २४० ग्रॅमचे लागते. नमुना दोन-तीनदा धुऊन, मोजून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, हा येथला पहिला धडा.

दुसरा धडा स्थानकाजवळील खादरपेठेत मिळतो. निर्यातीतून उरलेला माल या बाजारात स्वस्तात विकला जातो. नवख्याला तेथेच ब्रँड उभा करण्याचा मोह होतो. पण आज मिळालेला रंग आणि तेच माप पुढच्या महिन्यात मिळेलच असे नाही. जुलैत घेतलेला टी-शर्ट आवडला म्हणून डिसेंबरच्या गॅदरिंगला वर्गातील चाळीस जणांनी तसाच मागितला, तर तो देता आला पाहिजे. ग्राहकाला पुन्हा तेच आणि तसेच देण्याची हमी म्हणजे ब्रँड. एरवी तो केवळ स्वस्त मालाचा व्यवहार.

तिसरा धडा हिशेबाचा. तीन डिझाइन, चार रंग आणि पाच मापे घेतली की ६० प्रकार होतात. प्रत्येकी दहाच नग घेतले तरी माल झाला ६०० नग. समजा, एक नग २५० रुपयांना घरपोच पडला. गुंतवणूक १,५०,००० रुपये. ४९९ रुपयांच्या विक्रीतून ५ टक्के जीएसटी वजा जाता सुमारे ४७५ हाती येतात. ४०० नग विकले, तर १,९०,००० रुपये जमा झाले. कुरिअरचे नगामागे ६० रुपये धरले, तर २४,००० गेले. उरले १६,०००, त्यातून छायाचित्रे, जाहिरात आणि परत आलेल्या मालाचा खर्च भागवायचा. कागदोपत्री नफा मोठा दिसतो, कारण फळीवरचे २०० नग ५०,००० रुपयांची मालमत्ता म्हणून नोंदलेले असतात. पण विद्यार्थ्यांची आवड पुढच्या जूनपर्यंत थांबत नाही. बहुतेक नवे ब्रँड विक्रीअभावी नव्हे, तर न विकल्या गेलेल्या मापांखाली दबतात. म्हणून आरंभ एका डिझाइनने, दोन रंगांनी करावा आणि मागणी पाहून पुन्हा माल मागवावा.

श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण आहे. किती बाळगायचे याची मर्यादा आधी ठरवायची, मग संसार करायचा. गोदामालाही हाच नियम लागू पडतो, हे तिरुपूरची फेरी करून आलेल्या पिढीला पटकन उमगते. नाव निवडताना आणि डिझाइन काढतानाही मर्यादा हवीच. चित्रपटातील पात्रे किंवा महाविद्यालयाचे बोधचिन्ह परवानगीविना छापणे हा अपराध आहे. स्वतःचे नाव मात्र कपड्यांसाठीच्या २५ व्या वर्गात ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे; ती नोंद दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते.

चौथा धडा नोय्यल नदीचा आहे. कावेरीला मिळणारी ही नदी शहरातून वाहते. रंगाई आणि ब्लीचिंगचे पाणी वर्षानुवर्षे तिच्यात मिसळले. खाली ओरत्तुपाळयम येथे १९९२ मध्ये शेतीसाठी बांधलेल्या धरणात क्षार आणि रंग साठले. ते पाणी शेतकऱ्यांनाच नकोसे झाले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता पाणी आणि मीठ पुन्हा वापरण्याची यंत्रणा येथे रुजली. ती खर्चिक आहे, म्हणून तशी रंगाई थोडी महाग पडते.

श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवरे आणि तळी शोषून घेण्याचा व्यवसायही येतो. पाणी आटवणे जेथे निषिद्ध, तेथे ते नासवणे क्षम्य कसे ठरेल? ऑर्डर देताना रंगाई कोठे होते आणि पाणी कोठे जाते, हे विचारणे खरेदीदाराच्या हाती आहे. नगामागे काही रुपये वाढले, तरी ते ग्राहकाला सांगता येतात. आजचे विद्यार्थी असे प्रश्न विचारतातही.

तिरुपूरला जाणाऱ्या कुटुंबाने एक दिवस जास्त ठेवावा. ईरोडच्या दिशेने विजयमंगलम येथे भगवान चंद्रप्रभांचे प्राचीन मंदिर आहे. कोंगू प्रदेशात जैन धर्म केव्हाचा नांदत होता, याची ते साक्ष देते. बाजारात दिवसभर दर, माप आणि मुदत यांची घासाघीस करून आलेल्या तरुणाने तेथील दगडी मंडपात थोडा वेळ बसावे, आणि आपली पहिली ऑर्डर किती नगांची असावी, हा आकडा तेथेच ठरवावा. तो बहुधा मनात आणलेल्यापेक्षा लहान निघेल.