साथ म्हणजे ऐकणं

आमच्याकडे गझलची मैफल म्हटली की पेटी आलीच. गायकाने मिसरा सोडला की पेटीवाला तीच ओळ सुरांत उचलतो आणि मधली जागा भरून काढतो. ही साथ मला लहानपणापासून आवडते. पण साथ याहून वेगळीही असू शकते, हे मला अमेरिकेतल्या जॅझच्या एका अल्बमने दाखवलं. त्यात दोनच माणसं आहेत. गायला टोनी बेनेट आणि पियानोवर बिल एव्हान्स.

1975 च्या जूनमध्ये, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत, चार दिवसांत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. नऊ गाणी, जेमतेम 35 मिनिटं. आपल्याकडे तबला जे काम करतो, ते जॅझमध्ये बास आणि ड्रम करतात. इथे तेही नाहीत. गायकाला टेकायला भिंतच उरत नाही. सूर जरा हलला, श्वास कमी पडला, तर झाकायला काही नाही.

दोघेही नवखे नव्हते. बेनेट न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या इटालियन कुटुंबातला. मोठ्या वाद्यवृंदासोबत गाणारा, सॅन फ्रान्सिस्कोवरच्या 1962 च्या गाण्याने घराघरांत पोचलेला. एव्हान्स पियानोवर मान खाली घालून वाजवणारा. माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये त्याचा पियानो आहे. पण त्याची ओळख गायकांचा साथीदार म्हणून नव्हती, तो स्वतःच्या तिघांच्या संचाचा प्रमुख होता.

म्हणूनच त्याची साथ ऐकण्यासारखी आहे. बेनेटची चाल तो बोटांनी गिरवत नाही. शब्द चालू असताना थोडेच सूर ठेवतो आणि हात आखडता घेतो. ओळ संपली की जागा भरायला लगेच धावत नाही. शेवटच्या शब्दाला विरायला वेळ देतो. मग मध्येच पियानो एकटा बोलू लागतो, तेव्हा बेनेट गप्प. आणि तो परततो ते पियानोने काय सांगितलं हे ऐकून परततो.

‘सम अदर टाइम’ हे त्यातलं गाणं 1944 च्या संगीतिकेतलं. युद्धाच्या काळात एका दिवसाच्या सुट्टीवर न्यूयॉर्कला उतरलेल्या खलाशांची ती गोष्ट आहे. वेळ संपलेला, बोलायचं राहून गेलेलं, असा तो निरोप. 1958 मध्ये याच गाण्याची सुरुवात घोळवताना एव्हान्सला त्याची ‘पीस पीस’ ही रचना सुचली होती. म्हणजे हे गाणं त्याच्याजवळ कितीतरी वर्षं मुक्कामाला होतं. तरी बेनेट गाऊ लागला की तो बाजूला सरकतो. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ची गोष्ट उलटी. ही धून एव्हान्सने आपल्या पुतणीसाठी रचली, शब्द नंतर आले. तिथे कोण कुणाला साथ देतंय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं मला वर्गात आठवतं. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही. उर्दूत ‘ळ’ नाही. त्यामुळे माझ्या मुलांच्या तोंडी फळ्याचा ‘फला’ होतो, शाळेची ‘शाला’. वर्गात एक मुलगी आहे. मोठ्याने वाचताना ‘ळ’ आला की ती थांबते. तिला अक्षर ओळखता येतं. जीभ मागे वळवायला तिला क्षणभर हवा असतो.

एकदा बाहेरून पाहुणे आले होते. ती ‘आभाळ’ या शब्दापाशी थांबली आणि त्यांनी प्रेमाने, हसून तो शब्द सांगून टाकला. नीयत चांगलीच होती. पण तिने पुस्तक मिटलं आणि ती खाली बसली. त्यानंतर कित्येक दिवस ती अवघड शब्दापाशी आली की माझ्याकडे बघायची, शब्द मिळेल म्हणून.

प्रश्न विचारल्यावर थांबा, मुलांना वेळ द्या, हे बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं. पण कसं थांबायचं, हे वहीत उतरवून घेता येत नाही. नुसतं गप्प बसलं तर मुलाला वाटतं, आपल्याला सोडून दिलं. एव्हान्सचं थांबणं तसं नाही. त्याचा हात थांबतो तेव्हाही तो तिथेच असतो, हे बेनेटला माहीत असतं. म्हणून बेनेट ओळ लांबवू शकतो, अगदी हळू म्हणू शकतो, आवाज कुजबुजण्याइतका खाली आणू शकतो.

मी आता त्या मुलीच्या शेजारी उभी राहते. पुस्तकातल्या शब्दाखाली बोट ठेवते आणि नजर त्याच ओळीवर. शब्द मात्र तिने म्हणायचा. बाकीची मुलं चुळबुळतात, कुणीतरी सांगायला तोंड उघडतं, त्याला खुणेनेच थांबवते. ‘ळ’ कधी येतो, कधी नाही. पण पुस्तक मिटत नाही.

1976 मध्ये बेनेट आणि एव्हान्स यांनी आणखी एक अल्बम केला. एव्हान्स 1980 मध्ये गेला, अवघा 51 वर्षांचा. बेनेट 2023 मध्ये, 96 व्या वर्षी. जॅझ कधी ऐकलं नसेल तर पहिल्या अल्बमपासूनच सुरुवात करा. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल. रात्री, घर निजल्यावर लावा, आणि कान गायकाकडे न देता पियानोकडे द्या. तो कुठे कुठे वाजत नाही, ते ऐका.