छातीचा फोटो

बीजगणितात जी संख्या ठाऊक नसते तिला आपण क्ष म्हणतो. शाळेत या क्षने माझा बराच छळ केला, म्हणून तर मी कला शाखेत आले! पण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग गावी विल्हेल्म रोंटगेन या प्राध्यापकाला आपल्या प्रयोगशाळेत जे अनोळखी किरण सापडले, त्यांनाही त्याने अज्ञात राशीचेच नाव दिले आणि मराठीत ते क्ष-किरण झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि एका हाडाभोवती अंगठी. १९०१ साली त्याला पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही.

ही माहिती मी ग्रंथालयातून मिळवलेली नाही. माझी थोरली बहीण क्ष-किरण तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करते आहे आणि आमचे घर दहा बाय बाराचे आहे. एवढ्या जागेत एकीने मोठ्याने पाठ केले की दुसरीचेही आपोआप पाठ होते. तिला माझ्यामुळे संतांचे काळ ठाऊक झाले, मला तिच्यामुळे बरगड्यांचे क्रमांक.

आम्ही वागळे इस्टेटला किसननगरात राहतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याची ही पहिली वसाहत. माझे बाबा पाटण तालुक्यातून येथे आले ते लेथवर काम करायला. त्यांचा कारखाना पुढे बंद पडला, शेजारचेही कित्येक गेले, आणि आता त्या रस्त्यांवर काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्याच एकीच्या दारात बाबा सुरक्षारक्षक म्हणून उभे असतात. दहावीच्या पुढे गेलेल्या आमच्या घरात आम्ही दोघीच. बी. ए. म्हणजे काय हे आईला मला समजावून सांगता आलेले नाही, पण ताईचे शिक्षण तिला चटकन कळले. ‘फोटो काढायला शिकते’ असे ती सगळ्यांना सांगते.

आपल्याकडे सगळे ‘फोटो’च म्हणतात. ताई सांगते की छातीचा फोटो काढायचा म्हटल्यावर काही बायका केस नीट करून, पदर सारखा करून उभ्या राहतात. मग त्यांना सांगावे लागते की गळ्यातले काढून ठेवा, वेणी वर बांधा, कारण मण्यांची आणि जाड वेणीची सावलीसुद्धा चित्रात उमटते. मंगळसूत्र काढायला एखादी आजी तयार होत नाही. तेव्हा काय करायचे, हे पुस्तकात नसते. ताईचे सर ते तोंडात धरायला सांगतात. छातीच्या चित्रात ते येत नाही आणि आजीचेही समाधान होते.

मला वाटत असे की हे शिक्षण म्हणजे यंत्राचे शिक्षण. विजेचा दाब किती, प्रवाह किती, वेळ किती. तेही आहेच, आणि ताईला त्याची तोंडी परीक्षा द्यावी लागते. पण पहिले कित्येक महिने ती माणसाला उभे करायलाच शिकत होती. छातीच्या फोटोत माणूस यंत्राकडे पाठ करून, छाती फळीला टेकवून उभा राहतो. यंत्राची नळी त्याच्या मागे साधारण सहा फुटांवर असते. हृदय छातीत पुढच्या बाजूला असल्यामुळे ते अशाने फळीजवळ येते आणि त्याची सावली उगाच मोठी पडत नाही. हनुवटी वर, हातांचे पंजे उलटे करून कमरेवर, कोपरे पुढे. कोपरे पुढे का? तर पाठीवरची खवाट्याची हाडे बाजूला सरकतात आणि फुप्फुसे मोकळी दिसतात.

या सगळ्याचा सराव माझ्यावर झाला. अर्थात किरणांशिवाय! विद्यार्थ्यांनी सरावासाठी एकमेकांवर किरण सोडायचे नाहीत, हा या शिक्षणातला पहिला दंडक. आमच्या घरात लोखंडी कपाट ही फळी, समोरच्या भिंतीवरचे घड्याळ ही नळी. ताई माझे खांदे धरून पुढे ढकलते, मागे जाते, एक डोळा मिटून बघते, पुन्हा येते. बाबा खाटेवरून हे बघत. एकदा म्हणाले, “लेथवर असंच. जॉब बांधायला अर्धा तास, कापायला दोन मिनिटं.”

भाषेच्या बाबतीत मात्र कला शाखेचा उपयोग झाला, हे मी अभिमानाने नमूद करते. ताईची सगळी पुस्तके इंग्रजीत आणि समोर येणारी माणसे ठाण्या-कल्याणची, जालन्याची, जौनपूरची. फोटोच्या क्षणी छाती भरून श्वास घ्यायचा आणि थांबवायचा असतो, म्हणजे पडदा खाली जातो आणि मागच्या दहा बरगड्या मोजता येतात. ताईने आधी ‘श्वास रोखा’ असे सांगून पाहिले. एक आजी घाबरून रडायलाच लागल्या. मग मी सुचवले, ‘दम धरा’ म्हण. त्यावर एक काका शांतपणे बाकावर जाऊन बसले, कारण आपल्याकडे दम धरा म्हणजे थोडे थांबा! शिवाय ज्यांना दमा आहे त्यांना दम धर म्हणणे म्हणजे थट्टाच. शेवटी बऱ्याच प्रयोगांनंतर ‘मोठा श्वास घ्या, आता तसेच राहा’ हे ठरले. तरी अडचण उरलीच. आपली माणसे सभ्य आहेत. ‘तसेच राहा’ म्हटले की ती ‘हो’ म्हणतात, आणि त्या ‘हो’बरोबर सगळा श्वास बाहेर! म्हणून ताई आता शेवटी जोडते, ‘हो म्हणू नका.’

आणखी एक वाक्य तिला अजून नीट जमत नाही. बाई वयात आलेली असेल तर दिवस गेले आहेत का, पाळी कधी आली, हे फोटोआधी विचारायचे असते. दारावर पाटी असते, पण पाटी वाचून किती जणी बोलतील? सोबत सासू असते, नवरा असतो. सर म्हणतात, तिला कपडे बदलायच्या आडोशाला एकटीला ने आणि तेथे हळू विचार. नवीन लग्न झालेल्या एका मुलीने ताईलाच उलट विचारले, “सांगितलं तर घरी कळेल का?” ताई त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही.

आईची काळजी वेगळी. शेजारच्या एका बाईंनी तिच्या मनात भरवून दिले की या किरणांत काम करणाऱ्या मुलींना मुले होत नाहीत आणि लग्नाच्या वेळी हे आड येईल. भीती अगदीच हवेतली नव्हे. सुरुवातीच्या काळात हे किरण हाताळणाऱ्यांचे हात जळले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो वारला. अशा हुतात्म्यांचे एक स्मारक १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग येथे उभारले गेले, त्यावर दीडशेहून अधिक नावे होती. आजचे नियम त्या नावांतून आलेले आहेत. आपल्याकडे १९८३ साली अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाली. या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात फार तर ३० एवढी मर्यादा तिने घातली आहे. छातीच्या एका फोटोत रोग्याला सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट मिळतो. जमीन, आकाश आणि अन्न यांतून तेवढा आपल्या सगळ्यांना थोड्याच दिवसांत आपोआप मिळत असतो. शिवाय तंत्रज्ञ आडोशामागे उभा असतो, आणि अंतर दुप्पट झाले की मारा एक चतुर्थांश होतो. ताईने हा हिशेब आईला पाटीवर करून दाखवला. आईला गणित कळले नाही, पण मुलगी न अडखळता बोलते आहे एवढे कळले.

ताई छातीशी, शिशाच्या एप्रनच्या आत, एक छोटा बिल्ला लावते. त्यात तीन चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी त्या तापवून बघतात. जितके किरण त्यांनी शोषले तितका उजेड त्या देतात. आईने विचारले, “हा ताईत का?” ताई म्हणाली, “ताईत राखण करतो. हा नुसता हिशेब ठेवतो.”

गेल्या पावसाळ्यात बाबांना खोकला लागला तो दीड महिना हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितले. ताई जेथे शिकते तेथेच जायचे ठरले आणि मीही सोबत गेले. सर म्हणाले, “तुझे वडील आहेत ना? तूच उभं कर.” बाबांनी स्वतःहून कोपरे पुढे केले. घरी इतक्या वेळा बघितलेले! ताईने शिशाचे उजव्या बाजूचे अक्षर लावले, ते दोनदा तपासले, आणि मग आडोशामागून तिचा आवाज आला, “मोठा श्वास घ्या, आता तसेच राहा, हो म्हणू नका.” बाबा ‘हो’ म्हणाले नाहीत. बटण सरांनी दाबले.

चित्र पडद्यावर उमटले तेव्हा मी दारात होते. मला त्यात काही कळले नाही, पण ताईचा चेहरा मला कळतो. उजवीकडे वर ती एका जागी बघत राहिली. मग म्हणाली, “चांगला आलाय. शर्ट घाला, बाबा.”

परतीच्या गाडीत बाबांनी विचारले, “काय दिसलं?” ती म्हणाली, “डॉक्टर सांगतील.” ठाणे येईपर्यंत कोणी बोलले नाही. रात्री तिने मलाही सांगितले नाही. चित्र काढणाऱ्याने निदान बोलायचे नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलेले. तंत्रज्ञाच्या अर्धवट शब्दाने माणूस रात्र रात्र जागतो, किंवा बरे आहे असे समजून औषध घ्यायचे सोडून देतो. हे मला पटते. तरीही त्या तीन रात्री मला तिचा राग आला होता. एकाच खोलीत पाठ वळवून झोपलेली बहीण काहीतरी जाणते आणि गप्प राहते, हे सोसणे सोपे नाही. तीही जागीच होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की उजवीकडचा डाग जुना, भरून आलेला आहे. केव्हातरी क्षय होऊन गेला असावा. थुंकी तपासली, ती स्वच्छ निघाली. खोकल्याला वेगळे औषध मिळाले. त्या संध्याकाळी चहा घेताना बाबा ताईला म्हणाले, “तुला तवाच दिसलं होतं न्हवं?”

“हो.”

“मग बोलली का न्हाईस?”

“मी बोलायचं नसतं, बाबा.”

बाबांनी बशीतला चहा संपवला. “आमच्यात बी जॉब पास करायला इन्स्पेक्टर वेगळाच असायचा,” ते म्हणाले, आणि ताईकडे वळून विचारू लागले की हृदय मोठे दिसते म्हणजे नक्की किती मोठे.