पाळी चुकायच्या आधी

ग्रहणात गरोदर बाईने विळी हातात घेतली की बाळाचा ओठ फाटका निघतो, असं आमच्या नात्यात अजूनही मानतात. सातव्या महिन्यातल्या बाईलाही ग्रहणभर एका जागी बसवून ठेवतात. खरं तर गर्भधारणेपासून सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ जुळतो, बाराव्या आठवड्याच्या सुमारास टाळू. सातव्या महिन्यात ओठाचं काम केव्हाच उरकलेलं असतं.

माझ्या मैत्रिणी ग्रहण पाळत नाहीत. त्यांची समजूत नवी आहे. "अगं, यात निकोटिन नाहीये, नुसती वाफ आहे," असं म्हणणारी एक जण सध्या बाळासाठी प्रयत्न करतेय. पाळी चुकली की व्हेप सोडणार म्हणते. तिची पाळी एरवीही दोन-दोन आठवडे पुढे जाते. तिला कळेपर्यंत चेहरा घडायला लागलेला असू शकतो.

शिवाय ती नुसती वाफ नाही. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वादाची रसायनं असतात. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ई-सिगारेटच्या वाफेने बेडकांच्या भ्रूणांच्या चेहऱ्यात मधोमध फट पडली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात गाभण उंदरिणींना निकोटिन नसलेली वाफ दिली, तर पिल्लांचे चेहरे आखूड आणि अरुंद निघाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण चेहरा घडवणाऱ्या पेशी बेडकात, उंदरात आणि आपल्यात सारख्याच रीतीने भ्रूणाच्या पाठीकडून सरकत पुढे येतात. आणि गरोदरपणातल्या सिगारेटने दुभंगलेल्या ओठाचा धोका वाढतो, हे माणसांतच दिसलेलं आहे.

'निकोटिन नाही' हे तरी कोणाच्या भरवशावर? २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेट विकायलाच बंदी आहे. चोरून आणलेल्या डबीवर काय छापलंय, याचा जाब कोणाला विचारणार?

मी तिला हे सगळं सांगितलं, भीती घालायला नाही. व्हेप ओढलेल्या प्रत्येकीच्या बाळात व्यंग येतं असं मुळीच नाही. पण सोडायचंच आहे तर पाळी चुकायची वाट कशाला बघायची?

ती विचारात पडली. तिचा नवरा शेजारी बसून ओढतच होता. म्हणाला, "बरोबर आहे, तू आजपासून बंद कर."

मी म्हटलं, "आणि तू? खोली एकच आहे ना तुमची?"