मोकळी सोडलेली कड

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातले. त्यामुळे दासबोधाशी इथल्या माणसाचे नाते बहुधा लहानपणीच्या पाठांतरातून जडते. एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, 'लेखनक्रियानिरूपण', मात्र सहसा कोणी पाठ करीत नाही. त्यात अध्यात्म नाही. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, बोरू आणि कागद कसे असावेत, एवढेच तिथे सांगितले आहे. वर्गात मीही तो हस्ताक्षराचा उपदेश म्हणून आटोपता घेत असे. त्यात एक सूचना आहे: पानाच्या भोवती जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षर झडणार नाही. या सूचनेतली दूरदृष्टी मला पुष्कळ उशिरा उमगली, आणि तीही एका गणिताच्या पुस्तकामुळे.

आमच्या महाविद्यालयात गणित शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले पदवीच्या वर्गात आली की एकाएकी इंग्रजी पुस्तकांपुढे मुकी होतात, ही त्यांची कायमची खंत होती. त्या मुलांसाठी त्यांनी कलनशास्त्रावर सात प्रकरणांचे एक छोटे मराठी पुस्तक लिहिले. पहिली सहा प्रकरणे त्यांनी २००४ साली शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडून टंकलिखित करून घेतली. छपाईचा योग आला नाही. सर निवृत्त झाले आणि २०१९ साली गेले. त्यानंतर त्यांची मुलगी एक सीडी आणि पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली. "काकू, बाबांचं पुस्तक उघडतच नाही," ती म्हणाली.

पुस्तक उघडले, पण वाचता येईना. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल झाला होता. कारण साधे होते. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या घरात देवनागरीचे आकार बसवलेले असत. टंक संगणकावर असेल तोवर ते मराठी. टंक गेला की घरमालक पुन्हा हजर. समीकरणांच्या जागी तर नुसत्या रिकाम्या चौकटी उरल्या होत्या.

सातवे प्रकरण सरांनी स्वतः, २०१३च्या सुमारास, लिक्स या मुक्त प्रणालीत लिहिले होते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले लाटेकचे पाठ ऐकून ते हे सारे शिकले, असे मुलीने सांगितले. मी लिक्सची ताजी आवृत्ती उतरवून घेतली आणि धास्तीनेच ती फाइल उघडली. प्रकरण जसेच्या तसे समोर आले. अपूर्णांक, वर्गमुळे, संकलनाची लांबट चिन्हे, सगळे जागच्या जागी होते. सरांचा टंक तेवढा माझ्या संगणकावर नव्हता. एका चौकटीत त्याच्या जागी 'शोभिका' निवडला आणि पाने पुन्हा उजळली.

एकाच लेखकाच्या दोन फायलींचे नशीब इतके वेगळे का, याचा मी जमेल तेवढा शोध घेतला. डोनाल्ड क्नूथ या गणितज्ञाने स्वतःच्या ग्रंथाची कुरूप मुद्रिते पाहून १९७७ साली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्टने पुढच्या दशकात तिच्यावर लाटेक उभारले. लाटेकमध्ये मजकूर आज्ञांच्या भाषेत लिहावा लागतो, आणि माझ्यासारखीला ते रान अवघडच. मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९५ साली लिक्स सुरू केले ते ही अडचण दूर करण्यासाठी. लिहिणाऱ्याने 'हे शीर्षक', 'हे प्रमेय', 'हे समीकरण' एवढेच सांगावे. दिसण्याची काळजी मागे बसलेले लाटेक घेईल.

एट्रिख पुढे दुसऱ्या कामांकडे वळला. लिक्स मात्र थांबले नाही, कारण ते वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांच्या हाती आले होते. २०११ सालच्या २.० आवृत्तीत झीटेकचा आधार आला आणि युनिकोड मराठी सरळ टंकांतून छापणे सोपे झाले. २.३ नंतर २.४ यायला २०१८ ते २०२४ अशी सहा वर्षे गेली. बाहेरून ही सुस्ती वाटेल. पण या मंडळींनी स्वतःवर एक नियम घालून घेतला आहे. जो कोणी फाइलच्या रचनेत बदल करील, त्याने जुनी फाइल नव्या रचनेत आणणारा आणि नवी फाइल जुन्या रचनेत परत नेणारा, असे दोन्ही दुवे लिहून द्यायचे. हे दुवे 'लिक्सटूलिक्स' नावाच्या एका उपकार्यक्रमात साखळीसारखे जोडलेले असतात. सरांची फाइल उघडताना तो माझ्या नकळत चालून गेला होता. ज्यांनी ते दुवे लिहिले त्यांना घनसावंगी कुठे आहे हे ठाऊक नसणार. तरी सरांच्या पानाची कड त्यांनी मोकळी सोडली होती.

उरलेली सहा प्रकरणे लिक्समध्ये आणायचे मी ठरवले. पाचांची मुद्रिते सरांच्या लाल शाईतल्या दुरुस्त्यांसह घरात सापडली. ती मी पुन्हा टंकलिखित केली. मराठीची एम.ए. असलेल्या बाईने 'फल', 'सीमा', 'सांतत्य' हे शब्द गणिताच्या अर्थाने लिहिताना प्रारंभी गंमत वाटली, मग त्या परिभाषेची शिस्त आवडू लागली. पाचव्या प्रकरणाचे मुद्रित मिळालेच नाही. मजकूर टंक-परिवर्तकातून कसाबसा सोडवला. समीकरणांच्या रिकाम्या चौकटी सरांच्या मुलीने भरल्या. तिने बी.एस्सी.ला गणितच घेतले होते. मागची-पुढची वाक्ये वाचून, उदाहरण स्वतः सोडवून, बाबांनी इथे काय लिहिले असेल ते ती ठरवी. दोन ठिकाणी ठरवता आले नाही. तिथे तशी तळटीप दिली आहे.

कामाच्या ओघात एका परिच्छेदातली जोडाक्षरे फुटू लागली. दोष प्रणालीचाच, असे मी गृहीत धरले आणि तक्रार लिहायला बसले. या जगात रीत अशी, की तक्रारीसोबत दोष दाखवणारे लहानात लहान उदाहरण द्यायचे. मी चाळीस पानांतून एकेक ओळ कमी करीत गेले. दोन ओळी उरल्या तेव्हा दिसले, की तो परिच्छेद मीच चुकून 'इंग्रजी' म्हणून नोंदवला होता. तक्रार पाठवण्याची वेळ आली नाही. आपला आक्षेप दोन ओळींत मावेपर्यंत तपासून पाहावा, ही सवय साहित्याच्या चर्चेतही आम्हांला उपयोगी पडेल, असे मात्र वाटून गेले.

दुसरी अडचण खास मराठीची होती. सिद्धतेत 'दुसऱ्या', 'पायऱ्या' हे शब्द वारंवार येतात. मी 'पायऱ्या' शोधले की काही सापडत, काही निसटत. पाहायला सगळे सारखेच. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत त्याला स्वतंत्र 'ऱ' आहे, दुसरीत नेहमीच्या 'र'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. सरांची फाइल एका रीतीची, माझे टंकन दुसऱ्या. मी सगळे एका रीतीवर आणले. तीन संध्याकाळी त्यात गेल्या आणि छापील पानावर त्याची खूण उरली नाही. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असेही समर्थ त्याच समासात सांगतात.

टंकाची कहाणीही अशीच आहे. आयआयटी मुंबईत सिद्ध झालेला 'शोभिका' देवनागरीपुरता राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या टंकावर आधारलेला आहे. यशोमुद्रेचा परवाना मुक्त होता, म्हणून तो घेऊन पुढे जाता आले. एकाच्या कामावर दुसऱ्याने उभे राहावे, ही सोय आधीच करून ठेवलेली होती.

मराठीच्या भवितव्याविषयी आम्ही प्राध्यापक चर्चासत्रांतून पुष्कळ बोलतो. पण पुढच्या आवृत्तीत 'पायऱ्या' नीट उमटतात की नाही, हे तपासायला दूरदेशीचा स्वयंसेवक कसा येणार? त्याला तो शब्द वाचता येत नाही. ते काम मराठी वाचणाऱ्याचेच आहे आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आता लिक्सची नवी आवृत्ती आली की मी पहिल्यांदा सरांचे सातवे प्रकरण उघडते आणि शेवटपर्यंत चाळते.

पुस्तकाच्या वीस प्रती निघाल्या. मुलीने एक हातात घेतली, समास अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "काकू, कडेला जागा फार सोडलीय का?"

"असू दे," मी म्हटले.